एक्स्चेंजवर वीज असताना लोडशेडिंग का होतं?

प्रश्न असा आहे: देशाचा ग्रिड (वीज केंद्रं आणि तारांचं जाळं) एक झाला, एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, रोज वीज विकत मिळते, मग पैसे मोजायची तयारी असूनही लोडशेडिंग का होतं? आणि त्याला जोडून दुसरा: वीज अशी बाजारात आणल्यानं ग्रिड कोसळायचा धोका वाढलाय का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बाजारामुळे ग्रिड पडत नाही. पण बाजार जे विकतच नाही तेही त्याच्याकडून आपसूक मिळेल असं धोरण ठरवणाऱ्यांनी धरून चाललं, की ग्रिड अडचणीत येतो. एक्स्चेंज विकतं ती युनिटं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबानं. दिवसाचे ९६ ब्लॉक. ग्रिडचं जगणं-मरणं मात्र काही सेकंदांत ठरतं, एखाद्या ठरावीक लाइनवर ठरतं, आणि चार-पाच वर्षांपूर्वी कुणी किती क्षमतेचे करार केले होते यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी एक्स्चेंजच्या भावात नीट उतरत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

आणि लोडशेडिंग व ब्लॅकआउट यांची गल्लत करू नये. लोडशेडिंग म्हणजे माणसानं किंवा रिलेनं (मोजमाप बघून आपोआप लाइन तोडणाऱ्या उपकरणानं) ठरवून तोडलेला भार. बहुतेक वेळा ते ग्रिड वाचवण्यासाठी केलेलं असतं. ब्लॅकआउट म्हणजे ते वेळेवर झालं नाही किंवा पुरलं नाही.

फ्रिक्वेन्सी आणि पंधरा मिनिटं

दोन पोलच्या टर्बाइन-जनरेटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, मिळते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की फरक आधी या फिरत्या वस्तुमानातून भरून निघतो, रोटर मंदावतो, फ्रिक्वेन्सी उतरते. ग्रिड कोडप्रमाणे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये असायला हवी. ४९.४ वर पहिल्या टप्प्याचे अंडर-फ्रिक्वेन्सी रिले कुणाला न विचारता फीडर (सबस्टेशनमधून एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनी) तोडतात. पुढचे टप्पे ४९.२, ४९.० आणि ४८.८.

संध्याकाळचं उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत. साडेसहा ते पावणेसातचा ब्लॉक, राज्याचं शेड्यूल, म्हणजे आधी ठरलेली उचल, २०,००० मेगावॅट, प्रत्यक्ष उचल २०,३००. सौर ऊर्जा उतरलेली, घरोघरी दिवे-पंखे-एसी लागलेले, त्यात एका औष्णिक संचाची बॉयलर ट्यूब फुटून तो बाहेर पडलेला. ३०० मेगावॅट गुणिले पाव तास म्हणजे ७५,००० युनिटं. दहा रुपयांनी धरली तर एका ब्लॉकचे साडेसात लाख. पैसे हा इथला प्रश्नच नाही. एक्स्चेंजच्या रिअल-टाइम मार्केटमध्ये, म्हणजे ऐन वेळच्या खरेदीच्या बाजारात, साडेसहाला सुरू होणाऱ्या अर्ध्या तासासाठी बोली लावायची वेळ सव्वापाच ते साडेपाच होती. ट्यूब सहाला फुटली, तर या अर्ध्या तासासाठी बाजार केव्हाच बंद झालेला आहे.

मग राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्याच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये, बसलेल्या इंजिनिअरकडे काय उरतं? कोयना. चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॅटचे चार संच थांबलेल्या स्थितीतून काही मिनिटांत ग्रिडवर येतात. असा दुसरा वेगवान आधार राज्यात फार नाही; घाटघरचे १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत, भिऱ्याचा १५० चा उदंचन (पाणी पुन्हा वर चढवणारा) संच आहे. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय, आणि वर्ष १ जूनला सुरू होतं. फेब्रुवारीत सढळ हातानं वापरलं तर मे महिन्याच्या संध्याकाळी ते नसतं. म्हणून सिस्टीम चालवणारा माणूस आणि पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस यांच्यात सर्वांत जास्त वाद कोयनेवरून होतात, आणि माझ्या मते तो वाद व्हायलाच हवा.

कोयनाही पुरली नाही तर भारनियमन. एका ११ केव्ही फीडरवर साधारण ३ मेगावॅट धरले तर ३०० मेगावॅटसाठी शंभर फीडर बंद करावे लागतात. कुठले ते ऐन वेळी ठरत नाही. महावितरणनं फीडरचे गट वितरण आणि वसुलीतल्या तुटीनुसार ए पासून जी पर्यंत पाडलेले आहेत. तूट जास्त त्यांचा नंबर आधी. बिल वेळेवर भरणाऱ्याचं घर जी गटाच्या फीडरवर असेल तर त्यालाही अंधारात बसावं लागतं. फीडर तोडता येतो, एकेक ग्राहक नाही, हे त्याचं साधं कारण. स्मार्ट मीटरमुळे ते तत्त्वतः बदलू शकतं.

फ्रिक्वेन्सीलाच भाव लावला तेव्हा

एक्स्चेंजच्या आधीपासून आपल्याकडे एक विलक्षण बाजार होता. १ जुलै २००२ ला ग्रिडच्या पश्चिम विभागात (महाराष्ट्र यातच येतो) एबीटी, म्हणजे उपलब्धतेवर आधारित वीजदर, लागू झाला आणि त्यासोबत यूआय, म्हणजे शेड्यूलबाहेरच्या उचलीचा दर, थेट फ्रिक्वेन्सीला बांधला गेला. ५०.५ हर्ट्झला दर शून्य, ४९.०२ किंवा खाली गेली की युनिटला ४ रुपये २० पैसे. भिंतीवरच्या फ्रिक्वेन्सी मीटरकडे पाहिलं की त्या क्षणी वीज महाग की स्वस्त हे देशातल्या कुठल्याही कंट्रोल रूमला कळायचं. टंचाईत जास्त उचलणाऱ्याला भुर्दंड, कमी उचलणाऱ्याला कमाई. फ्रिक्वेन्सी काही महिन्यांत सुधारली.

खोड अशी की राज्यांना हे दुकान वाटायला लागलं. करार करून वीज घेण्यापेक्षा ग्रिडमधून ओढायची आणि यूआय भरायचा, हे बऱ्याच वेळा स्वस्त पडायचं. शिवाय यूआयचा दर देशभर एकच. कुठली लाइन भरलीय हे त्याला दिसतच नव्हतं.

३० आणि ३१ जुलै २०१२ च्या ब्लॅकआउटमध्ये नेमकं तेच नडलं. उत्तर विभाग शेड्यूलपेक्षा जास्त ओढत होता, पश्चिम विभाग शेड्यूलपेक्षा कमी उचलत होता, आणि मधली वीज मध्य प्रदेशातून आग्र्याकडे जाणाऱ्या मोजक्या लाइनींवरून वाहत होती. ४०० केव्ही बिना–ग्वाल्हेर–आग्रा मार्गाची एक सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी आधीच बंद. उरलेल्या सर्किटवर प्रवाह जास्त, व्होल्टेज कमी. लाइनवरचा दोष ओळखणारा डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले प्रवाह असा हिशेब करतो. तो आकडा इतका खाली आला की रिलेला लांब कुठेतरी दोष असल्यासारखा वाटला आणि झोन-३ मध्ये, म्हणजे लांबच्या दोषांसाठीच्या कक्षेत, त्यानं लाइन तोडली. लाइनवर दोष काहीच नव्हता. पहिल्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर विभागाचे सुमारे ३६,००० मेगावॅट गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून सुमारे ४८,०००.

चौकशी अहवालातला सर्वांत बोलका आकडा मला हा वाटतो: पडण्याच्या ऐन आधी फ्रिक्वेन्सी ३० जुलैला ४९.६८ आणि ३१ जुलैला ४९.८४ हर्ट्झ होती. त्या काळच्या मानानं ठीकच. म्हणजे ज्या एका आकड्याला भाव बांधला होता, तो आकडा सांगत होता की सगळं बरं चाललंय. प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं उत्तरेकडच्या राज्यांना उचल कमी करा असे संदेश पाठवत होती, विद्युत कायदा २००३ प्रमाणे ते पाळणं बंधनकारकही आहे, पण ते हवे तसे पाळले गेले नाहीत. महाराष्ट्र ३१ जुलैला अंधारात गेला नाही, कारण पश्चिम विभाग तुटून सुटा राहिला. त्याच्याकडे वीज जास्त झाली आणि फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर चढली. तेही धोक्याचंच, फक्त दुसऱ्या टोकानं.

त्यानंतर यूआय जाऊन २०१४ ला डीएसएम, म्हणजे शेड्यूलपासूनच्या विचलनाच्या हिशेबाची नवी पद्धत, आलं. शेड्यूलपासून किती हटायचं यावर मर्यादा आल्या, फ्रिक्वेन्सीचा बँड आवळला. डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम लागू झाले तेव्हा दराचा फ्रिक्वेन्सीशी संबंध तोडून तो बाजारभावाशी जोडला. विचार कागदावर बरोबर होता: ग्रिड हे दुकान नाही, वीज बाजारात घ्या, फ्रिक्वेन्सी राखीव साठ्यानं, म्हणजे गरजेला लगेच वाढवता येईल अशा निर्मितीनं, सांभाळा. पण राखीव साठा पुरेसा उभा राहिलेला नव्हता. जास्तीच्या विजेला मोबदला नाही म्हटल्यावर निर्मिती केंद्रं हात आखडते घेऊ लागली आणि फ्रिक्वेन्सी खालच्या बाजूला जास्त वेळ राहू लागली. केंद्रीय वीज नियामक आयोगाला डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये असे दोनदा दुरुस्तीचे आदेश काढावे लागले. सध्याचे नियम सप्टेंबर २०२४ पासूनचे आहेत. क्रम चुकला की काय होतं याचं हे चांगलं उदाहरण आहे: आधी राखीव साठा, मग जुनी काठी काढून घ्या.

राखीव साठा नावाची न दिसणारी वस्तू

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ग्रिड कोडमध्ये राखीव साठ्याचे तीन थर आहेत. पहिला गव्हर्नरचा (टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा): फ्रिक्वेन्सी घसरताच संचानं स्वतःहून वाफ वाढवायची, तीस सेकंदांत पूर्ण प्रतिसाद, तो पाच मिनिटं टिकवायचा. दुसरा दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रातून दर चार सेकंदांनी जाणाऱ्या संगणकीय संदेशाचा. त्याचा पूर्ण प्रतिसाद पंधरा मिनिटांत. तिसरा माणसाच्या सूचनेवरून, पहिले दोन थर मोकळे करण्यासाठी. एका दमात ४,५०० मेगावॅट निर्मिती गेली तरी ग्रिड सावरावा, असं गणित धरलेलं आहे.

बिघडतं ते पहिल्या थरात. ५०० मेगावॅटच्या संचानं पाच टक्के, म्हणजे २५ मेगावॅट, हाताशी ठेवायचे असतात. वाफेचे कंट्रोल व्हॉल्व्ह थोडे दाबून चालवले तर ही जागा राहते, पण कार्यक्षमता किंचित घटते आणि कोळसा जास्त जळतो. म्हणून काही ठिकाणी व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून संच चालवतात. शेड्यूल पूर्ण, हीट रेट (युनिटमागे लागणारी उष्णता) उत्तम, कागद स्वच्छ. फक्त फ्रिक्वेन्सी घसरते तेव्हा तो संच ढिम्म हलत नाही, कारण उघडायला व्हॉल्व्ह उरलेलाच नसतो. तपासायचं असेल तर ग्रिडमध्ये मोठी घटना घडली त्या मिनिटाची संचाच्या मेगावॅटची सेकंदावारी नोंद मागवा. फ्रिक्वेन्सी पडताना मेगावॅटची रेघ सपाट असेल तर गव्हर्नर कागदावरच आहे. माझं मत स्पष्ट आहे: या सेवेला मोबदला दिला पाहिजे, कारण फुकटात सक्ती केलेली गोष्ट तपासणीच्या दिवसापुरतीच चालते.

साठा असला आणि तयारी असली की काय होतं तेही पाहा. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन झालं. मागणी ३१,००० मेगावॅटनं पडली; अंदाज त्याच्या निम्म्याहून कमी होता. तरी फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली, कारण जलविद्युत संच आधीच वर चढवून ठेवले होते आणि मिनिटागणिक उतरवून पुन्हा चढवले. बाजारानं ते केलं नसतं. ती जोखीम बाजारात मांडलेलीच नव्हती.

एक्स्चेंजवर ‘मिळते’ म्हणजे काय

आता पहिल्या प्रश्नाकडे. एक्स्चेंज २००८ पासून आहे. डे-अहेडमध्ये आदल्या दिवशी सकाळी दहा ते बारा बोल्या, दोन्ही बाजूंच्या बंद लिफाफ्यात. विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा आलेख जिथे छेदतो तो त्या ब्लॉकचा एकच भाव. रिअल-टाइम जून २०२० पासून, दिवसाला ४८ लिलाव. हे सगळं धरूनही देशातल्या एकूण विजेपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी एक्स्चेंजवरून जाते. बाकीची बहुतेक दीर्घ मुदतीच्या करारांतून.

भावाला कमाल मर्यादा आहे. २० रुपये होती. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, कोळसा कमी पडला, भाव भडकले, तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला ती १२ वर आणली, वर्षभरानं १० वर. संध्याकाळच्या टंचाईत भाव या छतालाच चिकटतो. तिथे १२,००० मेगावॅटचे ग्राहक आणि ६,००० चे विक्रेते असतील तर प्रत्येकाला मागणीच्या निम्मं मिळतं. तुम्ही तेरा रुपये द्यायला तयार आहात याचा उपयोग शून्य. ‘एक्स्चेंजवर वीज होती’ हे वाक्य ऐकलं की म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्यात: कुठल्या ब्लॉकला, आणि बोली लावलेल्यापैकी किती मंजूर झाली? दुपारी एकला दोन-तीन रुपयांनी मुबलक आणि साडेसातला दहा रुपयांनी अर्धवट, हे एकाच दिवशी घडतं. सरासरी भाव काढला की दोन्ही गायब होतात.

छत काढून टाकलं तर वीज येईल का? थोडी येईल. आयात कोळशाचे बंद ठेवलेले संच आणि गॅसचे प्रकल्प चालू होतील. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये महागड्या विजेचा वेगळा बाजार सुरू केला. पण नसलेला संच कुठल्याही भावाला चालत नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत घाऊक भाव मेगावॅट-तासाला ९,००० डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं युनिटला साडेसहाशे रुपयांच्या आसपास, होता. गॅसच्या विहिरी आणि प्रकल्पांची यंत्रणाच गोठल्यावर त्या भावाचं काय करणार? तिथे साठ हर्ट्झचा ग्रिड चार मिनिटांहून जास्त वेळ ५९.४ च्या खाली होता. नऊ मिनिटं तसाच राहिला असता तर संच आपोआप सुटायला लागले असते. २०,००० मेगावॅट भार तोडून तो वाचवला.

आपल्याकडे क्षमतेचा वेगळा बाजार नाही, पण करारातला स्थिर आकार हे क्षमतेचंच भाडं आहे. वितरण कंपनीनं एकही युनिट घेतलं नाही तरी संच उपलब्ध असेल तर ते द्यावं लागतं. वर्तमानपत्रात ‘न घेतलेल्या विजेपोटी इतके कोटी’ असा मथळा येतो तेव्हा त्यातला काही भाग खरंच चुकीच्या कराराचा असतो आणि काही भाग विम्याच्या हप्त्यासारखा. दोन्हींना एकच नाव दिलं की वितरण कंपनी नवे करार करायला घाबरते, बाजारावर विसंबते, आणि चार-पाच वर्षांनी मे महिन्यात सगळ्यांचे हात एकाच वेळी एकाच एक्स्चेंजकडे पसरतात. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २,५०,००० मेगावॅटला पोचली. एवढ्या मागणीच्या दिवशी शेजारच्या राज्याकडेही देण्यासारखं फार नसतं. २०२३ मध्ये केंद्रानं साधनसंपत्ती पर्याप्ततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती यासाठीच: प्रत्येक वितरण कंपनीनं येणाऱ्या वर्षांची कमाल मागणी अधिक राखीव टक्का करारानं बांधून दाखवायचा. यात पाहण्यासारखं एकच: दाखवलेली क्षमता संध्याकाळी सातला किती भरते? १,००० मेगावॅट सौर क्षमता त्या वेळेला शून्य मेगावॅट असते, सोबत बॅटरी नसेल तर.

आणखी एक अडथळा पैशाचा, पण वेगळ्या तऱ्हेचा. थकबाकीदार वितरण कंपनीची बाजारातली खरेदी अडवायचे नियम जून २०२२ मध्ये आले. ऑगस्टमध्ये १३ राज्यांतल्या २७ वितरण कंपन्यांना एक्स्चेंजची दारं बंद झाली. यादीत महाराष्ट्रही होता. काही जणांनी पैसे भरल्याचं म्हटलं, काही दिवसांत बरीचशी नावं निघाली. निर्मिती कंपन्यांची थकबाकी त्यानंतर खरोखर कमी झाली, हेही सांगायला हवं.

लाइन भरली की बाजार तुटतो

एक्स्चेंज संगणकावर एक असतं, तारेवर नसतं. दोन विभागांमधल्या लाइनींची क्षमता संपली की बाजाराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. ७६५ केव्ही रायचूर–सोलापूर लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू होऊन दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी समकालिक झाला, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू लागला, पण त्याच्या आधी आणि नंतरही काही काळ दक्षिणेत वीज महाग आणि आपल्याकडे स्वस्त असायची, त्याचं कारण हेच.

मुंबईचं उदाहरण आणखी टोकाचं. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमाराला. बाहेरून शहरात येणाऱ्या ४०० केव्हीच्या कळवा–पडघे आणि खारघरकडच्या लाइनींपैकी काही आधीच बंद, उरलेल्या एकामागोमाग गेल्या. अशा वेळेसाठी मुंबईला १९८१ पासून आयलँडिंगची व्यवस्था आहे: शहर बाहेरच्या ग्रिडपासून सुटून ट्रॉम्बे, डहाणू वगैरेंच्या जोरावर तग धरतं. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराची मागणी साधारण २,६०० मेगावॅट आणि आत चालू असलेली निर्मिती तिच्या मानानं बरीच कमी.

आयलँडिंगचं गणित साधं आहे. सुटण्याच्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला भार यांची तोंडमिळवणी व्हावी लागते. आत १,००० असतील तर सेकंदाच्या काही भागात १,६०० तोडावे लागतात, आणि तेवढं अचूक तोडायची यंत्रणा सहसा नसते. आणि आतली निर्मिती कमी का असते? कारण मेरिट ऑर्डर, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायचा क्रम. शहरातले संच महाग, बाहेरची वीज स्वस्त. ग्राहकाचं बिल कमी ठेवायचं तर बाहेरून आणणंच बरोबर. कुणी चूक केली असं नाही, पण स्वस्त विजेच्या प्रत्येक मेगावॅटमागे बेट तगण्याची शक्यता थोडी थोडी घटत जाते. शहरातला अमुक संच सुरक्षेसाठी चालू ठेवा असा आदेश हवा असेल तर त्याचा जादा खर्च कुणाच्या बिलात जाणार हे राज्य वीज नियामक आयोगानं आधी ठरवायला लागतं. खारघर–विक्रोळी ४०० केव्ही लाइन वर्षानुवर्षं रखडून २०२३ मध्ये आली, तिनं बाहेरच्या वाटेचा ताण हलका केला. आतल्या निर्मितीचा प्रश्न ती सोडवत नाही.

व्होल्टेज तर बाजारात कुणी विकतच नाही. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमाराला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा विजेची टंचाई नव्हती, उन्हं चांगली होती. व्होल्टेज वर वर चढत गेलं आणि त्यामुळे प्रकल्प एकापाठोपाठ सुटले. ते आवरणारे रिॲक्टर (अणुभट्ट्या नव्हे, व्होल्टेज उतरवणाऱ्या कॉइल) आणि प्रतिसाद देणारे संच योग्य ठिकाणी नसले की युनिटांचा भाव काहीही असो.

फीडर तोडणाऱ्या रिलेंमध्ये काय चुकतं

शेवटचा आधार म्हणजे अंडर-फ्रिक्वेन्सी रिले, आणि दुर्लक्ष सर्वांत जास्त त्याच्याकडेच. नेहमीच्या चुका तीन. एक, रिले ज्या फीडरवर बसवलाय तोच रोजच्या भारनियमनाच्या यादीतही असतो. गरज पडते तेव्हा फीडर आधीच बंद, तोडायला भारच नाही. दोन, कृषी फीडर. तो आठवड्याआड दिवसा किंवा रात्री चालतो, त्यामुळे कागदावरचे ४ मेगावॅट निम्म्या वेळा शून्य असतात. तीन, नवी चूक: छपरावरच्या सौर पॅनेलांमुळे किंवा सौर कृषी प्रकल्पामुळे दुपारी फीडर उलटा वाहतो, भार घेण्याऐवजी वीज देतो. तो तोडला तर फ्रिक्वेन्सी सावरायच्या ऐवजी आणखी घसरते. उपाय अवघड नाही. प्रत्येक टप्प्यातल्या फीडरचा पंधरा मिनिटांचा वर्षभराचा लोड काढा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि पहाटे तीन अशा चार वेळांना बेरीज तपासा, आणि ज्या वेळेला ठरलेला आकडा भरत नाही तिथे फीडर बदला. वर्षातून एकदा रिले इंजेक्शन किटनं चाचणी करताना फक्त रिलेचा दिवा लागला म्हणून खूण करू नका. ब्रेकर, म्हणजे फीडर तोडणारा स्विच, उघडतो का ते बघा. ट्रिप कॉइलची वायर सुटलेली सापडते.

ओपन ॲक्सेस घेणाऱ्या कारखान्यांसाठी

ओपन ॲक्सेस म्हणजे वितरण कंपनीच्याच तारांवरून दुसऱ्याकडून वीज विकत घेणं. अशी एक्स्चेंजवरून वीज घेतली की पुरवठा भरवशाचा होईल, हा गैरसमज एमआयडीसीत बराच आहे. तुमच्या युनिटांचा विक्रेता बदलतो, तार तीच राहते. फीडर ट्रिप झाला तर एक्स्चेंजची वीजही गेली, आणि शेड्यूल झालेल्या विजेचे पैसे भरावे लागतात ते वेगळंच. वेळेत शेड्यूल बदलता आलं तर तेवढाच बचाव.

भार १ मेगावॅट किंवा जास्त असेल तर ओपन ॲक्सेस घेता येतो. हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅट आहे. पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर आणि राज्य भार प्रेषण केंद्राचं ना-हरकत पत्र लागतं. बोली लावताना तुटी जमेला धरा: आंतरराज्य, राज्यांतर्गत आणि वितरण मिळून समजा १० टक्के, तर मीटरवर ५ मेगावॅट हवे असल्यास ५.५६ घ्यावे लागतात. भावात पारेषण आकार, व्हीलिंग (वितरणाच्या तारांचं भाडं), क्रॉस-सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांसाठीचा भार) आणि अतिरिक्त अधिभार मिळवल्याशिवाय तुलना करू नका. दुपारचे अडीच रुपये कारखान्याच्या गेटवर अडीच राहत नाहीत. आणि बाजार स्वस्त दिसतोय म्हणून महावितरणकडची करार मागणी कमी करायची घाई नको. ज्या संध्याकाळी भाव छताला लागून तुमची बोली अर्धीच मंजूर होते, त्या संध्याकाळी उरलेला भार त्याच करारावर येतो, आणि मर्यादेबाहेर गेला की दंडाच्या दरानं. इंडक्शन भट्टीवाल्यांनी तर जास्तच जपावं, कारण त्यांची उचल एका ब्लॉकमध्येच वर-खाली होते आणि विचलनाचा हिशेब ब्लॉकनिहाय लागतो.

वीज गेली आणि कारण शोधायचं असेल तर आधी ग्रिड-इंडियाच्या (देशाचा ग्रिड चालवणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर चालू फ्रिक्वेन्सी बघा. ४९.९५ च्या आसपास असेल आणि फक्त तुमचा फीडर बंद असेल तर दोष बहुधा तुमच्या सबस्टेशनपासून तुमच्यापर्यंतच्या तारेत आहे. दिल्ली, एक्स्चेंज किंवा कोळसा यांचा त्याच्याशी संबंध नाही. फ्रिक्वेन्सी ४९.७ च्या खाली आणि आजूबाजूचे अनेक फीडर एकदम गेले असतील तर ते राज्य केंद्राच्या सूचनेवरून केलेलं भारनियमन असण्याची शक्यता जास्त. फ्रिक्वेन्सी ठीक, पण एकाच १३२ किंवा २२० केव्ही सबस्टेशनवरचा सगळा परिसर अंधारात असेल तर पारेषणाचा ट्रान्सफॉर्मर किंवा लाइन गेलेली आहे. दुपारच्या किंवा संध्याकाळच्या ठरावीक वेळेला असं वारंवार होत असेल तर ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड होत असण्याची शक्यता आहे; त्याची क्षमता आणि त्याच्यावरचा कमाल भार लेखी विचारा. हे आकडे महापारेषणकडे असतात.